तुम्ही विचारलंत म्हणून: सायन्स सेंटरमधली निम्मी मॉडेल्स बंद का असतात?

लग्नात, ट्रेनमध्ये, मुलांच्या पालकसभेत, कुठेही कळलं की मी सायन्स सेंटरच्या वर्कशॉपमध्ये काम करते की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अहो पण तिथली निम्मी मॉडेल्स बंदच का असतात?" आणि उत्तरही विचारणाराच देऊन टाकतो, "पोरं तोडतात हो, आपल्याकडे शिस्तच नाही." हे उत्तर मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोडायचं म्हणून तोडणारं मूल फार क्वचित दिसतं. मुलं वस्तू तपासून बघतात, अजून जोरात फिरवलं तर? उलटं फिरवलं तर? दोघं मिळून लटकलो तर? आणि हे करता यावं म्हणूनच तर ती वस्तू आपण काचेच्या कपाटाबाहेर ठेवलीये ना. जे मॉडेल एवढ्याला टिकत नाही त्याचं डिझाइन अजून पूर्णच झालेलं नाही असं मी मानते, भले फीत कापून उद्घाटन झालेलं असो.

हँडल फिरवून वीज तयार करायचं मॉडेल घ्या, सगळीकडे असतं. हँडल, त्याने फिरणारं चाक, बेल्ट, डायनॅमो आणि वर बल्ब. आमच्याकडे गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब आहेत, प्रत्येकाला वेगळा स्विच. बरेच जण सुचवतात की एलईडी टाका, बल्ब उडायची कटकट नाही. पण तेवढ्याच उजेडाला एलईडी फारच कमी वॅट घेतो, मग हाताला काही कळतच नाही आणि मॉडेल ठेवण्यात अर्थच उरत नाही. आत्ता काय होतं, मूल मोकळं हँडल भरभर फिरवत असतं, मित्र पहिला स्विच टाकतो की हँडल एकदम जड, दुसरा टाकला की अजून जड, बल्ब पूर्ण पेटायला दोन्हीचे मिळून ४२ वॅट, शिवाय बेल्टमध्ये आणि डायनॅमोत वाया जातं ते वेगळं, आणि हे सगळं त्या एका दंडातून यायचं असतं. पाचवीतली एखादी मुलगी दातओठ खात फिरवते आणि ओरडते, "अरे बंद कर, बंद कर!" वीज फुकट येत नाही हे तिला खांद्यात कळलेलं असतं. त्यासाठी कितीही बल्ब बदलायची माझी तयारी आहे.

पण या मॉडेलमध्ये जास्त त्रास बल्बचा नसतोच. हँडल जोरात फिरत असताना मुलं एकदम उलटा हिसका देतात, हँडल ज्या छोट्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, धरलेलं असतं तो सैल होतो, मग चावीची, म्हणजे हँडल आणि शाफ्टच्या मध्ये बसवलेल्या पट्टीची, खाच झिजते आणि हँडल नुसतंच लटपटायला लागतं. "उलट फिरवू नये" असं लिहिलं तर आधी उलटंच फिरवून बघतात, आणि बघावंच. यावरचा उपाय सायकलच्या दुकानात मिळतो, फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर पोचवणारं चाक. ते मध्ये टाकलं की उलट फिरवलं तरी नुसतं कटकट वाजतं, काही झिजत नाही, आणि वेगात असलेलं चाक हँडलला ओढून कोणाच्या मनगटावर आपटत नाही हा फायदा वेगळाच. बेल्टही मुद्दाम किंचित सैल ठेवतो, फारच जोर आला तर घसरतो, पुढचं काही तुटत नाही. बेअरिंग शक्य तिथे सगळीकडे ६२०४ नंबरचंच, २० मिलिमीटरच्या शाफ्टला बसणारं, कारण ते तालुक्याच्या गावीही मिळतं, बाहेरून मागवलेल्या पार्टसाठी मॉडेल महिनोन्‌महिने अडून राहतं. आणि ८ ते २५ मिलिमीटरच्या मधली फट मुलांच्या हाताशी कुठेही ठेवायची नाही, त्यात बोट जातं आणि अडकतं.

पावसाळ्यात व्हॅन डी ग्राफ जनरेटरवर, म्हणजे केस उभे करणाऱ्या त्या गोळ्यावर, बंदचा बोर्ड दिसतो तो मात्र बिघाड नव्हे. हवा दमट झाली की गोळ्यापर्यंत चार्ज नेणाऱ्या आतल्या पट्ट्यावर ओल धरते आणि चार्ज साठायच्या आधीच निसटून जातो. हेअर ड्रायरने सुकवला तर एखादा शो निघतो, भर जुलैत तेवढाही नाही.

बाकी निम्मं उत्तर पैशाचं आहे. नवीन गॅलरीला एकरकमी पैसे मंजूर होतात, फोटो येतात, पण ती चालू ठेवायला माणूस लागतो, स्पेअर लागतात, आणि त्याची तरतूद बऱ्याच ठिकाणी केलेलीच नसते. मला याचा खरंच राग येतो, कारण लांबून एसटी करून आलेल्या शाळेच्या वाट्याला तो एकच दिवस असतो. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरसारख्या मोठ्या केंद्रांकडे स्वतःचं वर्कशॉप असतं, छोट्या ठिकाणी ते नसतं आणि फरक तिथेच पडतो. फ्रँक ओपेनहायमर यांनी (अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, स्वतःही फिजिक्सवाले) १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे सायन्स सेंटर सुरू केलं तेव्हा वर्कशॉप येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. लेथ, वेल्डिंग, उघडी पडलेली मॉडेल्स, सगळं लोकांसमोर. माझ्या मते प्रत्येक सायन्स सेंटरमध्ये असंच असायला हवं.

मग आम्ही काय करायचं असं विचाराल, तर मूल हँडल फिरवत असताना त्याला बोर्ड वाचायला ओढू नका, आधी फिरवू दे, वाचायचं नंतर. आणि काही बंद दिसलं तर काउंटरवर नक्की सांगा, नुसतं "बंद आहे" नको, आवाज कसा येत होता ते सांगा. खरखर असेल तर बेअरिंग, उलट फिरवल्यावर कटकट येत नसेल तर फ्रीव्हील, आणि हँडल फिरतंय पण चाक जागचं हलत नाहीये असं असेल तर बहुतेक ग्रब स्क्रूच, तो आवळायला पाच मिनिटं लागतात, तुमची बस निघायच्या आत मॉडेल चालू करून देते.