सुपारी कातरेपर्यंत

समोरच्यानं मनातलं बोलावं असं वाटत असेल, तर त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं. आमच्या आजीला हे पक्कं ठाऊक असावं. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही नातवंडंही अक्काच म्हणायचो. कुणी येऊन बसलं की ती पानाचा डबा पुढं ओढायची, अख्खी सुपारी अडकित्त्यात धरायची आणि नजर त्या सुपारीवर ठेवायची. ठेवावीच लागते, नाहीतर बोट जातं. आलेल्याला मात्र त्यामुळं मोकळं रान मिळायचं. तो आधी पावसाबद्दल बोलायचा, मग हळदीच्या भावाबद्दल, आणि सुपारी निम्मी कातरून होईपर्यंत खरं काय ते बाहेर यायचं.

डबा पितळेचा, कड्या घासून गुळगुळीत झालेला. आत कप्पे. एकात चुन्याची डबी, एकात कात, एकात लवंगा-वेलदोडे, खाली ओल्या फडक्यात पानं. चुना ती घरीच भिजवायची आणि निवल्यावर त्यात थोडी साय घालायची, म्हणजे जीभ भाजत नाही. पानाचा देठ आणि टोक खुडून टाकायची. देठात रोग आणि टोकात पाप, असं कुठल्याशा श्लोकात आहे म्हणे. अक्काचं मत, टोकात काही नसतं, पण पाप म्हटलं की पोरं हातातलं पान चावायच्या आधी जरा थांबतात.

पानाची समज तिला माहेरची. मिरजेच्या पलीकडं बेडग, आरग, मालगाव हा सगळा पट्टा पानमळ्यांचा. शेवरी-हादग्याच्या आधारानं नागवेली चढवायच्या, आणि वर पोचल्या की वर्षातून एकदा खाली उतरवून त्यांची वेटोळी मातीत गाडायची. ती पुन्हा फुटतात, पुन्हा चढतात. मळ्यात चपला घालून जायचं नाही, आणि पाळीच्या दिवसांत बाईनं तर बांधावरही यायचं नाही, वेल जळतो. अक्काला मी एकदा विचारलं होतं, हे खरं का गं? म्हणाली, "वेलाला काय कळतंय? वडलांना कळायचं."

तर असा डबा. त्याच्यापुढं बसून आमच्या घरातली बरीच कामं झाली. माझी आई लग्न होऊन सोलापूरहून सांगलीला आली, तेव्हा पहिलं वर्षभर सासू-सुनेत "मीठ द्या" आणि "घ्या" याच्या पुढं बोलणं नव्हतं. एका दुपारी अक्का सुपारी कातरत असताना आईच्या तोंडून निसटलं, "तुमच्या आमटीत गूळ फार असतो." नंतर आई सांगायची, बोलल्यावर माझेच पाय गळाले. अक्कानं मान वर केली नाही. विडा बांधला, लवंग टोचली, आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी गुळाचा डबा आईच्या बाजूला सरकवलेला होता. तिथून पुढं दोघी इतक्या एक झाल्या की बाबांना स्वतःच्या घरात फितुरी झाल्यासारखं वाटायचं. दोघी मिळून दुपारच्या खेळाला सिनेमाला जायच्या आणि घरी सांगायच्या, भजनाला गेलो होतो.

अक्का गोड स्वभावाची होती असं मात्र कुणी समजू नये. शेजारणीच्या भांडणात ती उघड बाजू घ्यायची, आवडती नातवंडं लपवायची नाही (मी नव्हते), आणि सल्ला मागितलाच तर एका वाक्यात द्यायची. "तो मुलगा नको." "जमीन विकू नका." "आधी जेव." कारण विचारायची सोय नव्हती. पण सल्ला मागायलाच हवा असंही नव्हतं. पुष्कळ जण नुसतेच बोलून, पान खाऊन उठायचे.

आजोबा गेले आणि डबा माळ्यावर गेला. जुन्या रीतीत विधवेला तांबूल वर्ज्य; संन्यासी आणि ब्रह्मचारी यांच्याच ओळीत तिला बसवलेलं. कुणी तिला खा किंवा नको खाऊ म्हणालं नाही, तिनंच ठेवून दिला. झालं असं की माणसं यायची, पण बसायची नाहीत. रिकाम्या हातांच्या बाईपुढं बोलायला सुरुवात कुठून करायची, हे कुणाला सुचेना.

डबा खाली काढायला लावला चाचींनी. चाची म्हणजे बोळातली अक्काची मैत्रीण, दोघींची सुनांच्या तक्रारींपासून दम्याच्या औषधांपर्यंत सगळी देवघेव. त्या दारातूनच म्हणाल्या, "अक्का, माझे दात पडलेत. एवढी बारीक सुपारी मला दुसरं कोण देणार? तू खाऊ नको, मला दे." हे नाकारणार कसं? अक्का मैत्रिणीसाठी सुपारी कातरायला लागली, मग शेजारणीसाठी, मग येईल त्याच्यासाठी. पुढं कधीतरी एका चुलत आजीनं तिचे ओठ लाल बघितले आणि भुवया उंचावल्या. अक्का म्हणाली, "चुना बघत होते, जास्त झालाय का." नंतरची कितीतरी वर्षं ती रोज दोनदा चुना बघायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसलेल्या बायकांनाही ती हाक मारून विडा द्यायची, त्याबद्दल एक अक्षर न बोलता.

माझी मावसबहीण दातांची डॉक्टर आहे, तिला हे सगळं कौतुक आवडत नाही. तिचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था 2004 पासून सांगते आहे की तंबाखू नसली तरी सुपारीनं कर्करोग होऊ शकतो. म्हणून आमच्या पिढीत कुणी पान खात नाही, मीही नाही. चार माणसांनी निवांत बसून काहीतरी कातरावं, दुमडावं, एकमेकांच्या हातात द्यावं, असं दुसरं काही मात्र आम्हाला सापडलेलं नाही. फोन हातात असतो, पण त्याच्याकडे बघणाऱ्या माणसापुढं कुणी मन मोकळं करत नाही.

सांगलीत महापुराचं पाणी फुटांत मोजतात, आयर्विन पुलापाशी. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर बघितलेली माणसं "तेवढंच येईल" म्हणून सामान माळ्यावर टाकून बसली होती, तीही फसली. गावभागातल्या आमच्या घरातून निघताना काका खरेदीखतं शोधत होते, आई गोळ्या गोळा करत होती, आणि अक्का एकच म्हणत होती, "डबा घ्या." काका चिडले. शेवटी डबा तिच्याच मांडीवर, आणि ती नावेत. विश्रामबागला नातेवाइकांकडे आम्ही उतरलो. त्या घरात आणखी दोन कुटुंबं आलेली होती. एकाचं किराणा दुकान पाण्याखाली होतं. तो माणूस कुणाशीच बोलत नव्हता, नुसता मोबाइलवर पाण्याची पातळी बघायचा. संध्याकाळी अक्कानं त्याला हाक मारली, "जरा हे फडकं पिळून द्या." तो बसला. मग रात्री जेवणाची हाक मारीपर्यंत उठला नाही. काय बोलणं झालं कुणाला माहीत नाही.

पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, पितळेचे, नक्षीचे, एकाहून एक देखणे. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते संग्रहालय उभं केलं. मी काचेपुढं बराच वेळ उभी होते. प्रत्येक अडकित्त्यापुढं कोण कोण बसलं असेल आणि काय काय बोललं असेल, हे कुठल्या पाटीवर लिहिणार?

अक्का गेली त्यानंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण थोड्या वेळानं म्हणायचा, "मी अक्कांना एक गोष्ट सांगितली होती." आणि गप्प व्हायचा. आम्ही एकमेकांकडे बघायचो. एवढी वर्षं एका छपराखाली राहून त्यातली एकही आमच्या कानावर आलेली नव्हती.

तेराव्यानंतर एक तरुण आला, ओळखीचा वाटेना. पाकिटातून पैसे काढून काकांपुढं ठेवले आणि म्हणाला, "अक्कांचे द्यायचे राहिले होते." काकांनी विचारलं, कधी दिले होते, कशासाठी? तो म्हणाला, "ते अक्कांना ठाऊक होतं." काकांनी आणखी दोनदा, दोन तऱ्हांनी विचारून बघितलं. त्यानं चहा घेतला, बशी विसळून जागेवर ठेवली आणि नमस्कार करून निघून गेला. काका अजून म्हणतात, "निदान नाव तरी सांगायला हवं होतं." आई यावर काही बोलत नाही. तिला माहीत असावं, असा मला संशय आहे.