कोणी धरलं?

आमच्या शाळेचं विज्ञान मंडळ दरवर्षी एकच सहल काढायचं, वीज आणि अभियांत्रिकीच्या त्याच संग्रहालयात. ‘हात लावू नये’ अशी पाटी तिथे शोधूनही सापडायची नाही. उलट मागे मागे राहणाऱ्यालाच बाई पुढे ढकलायच्या.

दाराशीच साखळीचा खेळ. सगळ्या वर्गाने हात धरायचे आणि दोन टोकांच्या दोघांनी पितळी मुठींना हात लावायचा, की दिवा लागायचा. मधल्या कोणी हात सोडला की विझायचा. सोडणारा दरवर्षी ठरलेला असायचा! शरीरातून जाणारा प्रवाह इतका कमी, की काहीच जाणवायचं नाही. १७४६ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या शास्त्रज्ञाने १८० सैनिकांना असंच हात धरायला लावून लेडन जारचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या बरणीचा, झटका दिला आणि सगळे एकदम उडाले, हे बाई दरवर्षी तितक्याच उत्साहाने सांगायच्या.

केस उभे करणाऱ्या व्हॅन डी ग्राफच्या गोळ्यापुढे सगळ्यात लांब रांग. एका वर्षी हवा दमट होती. वेण्या सोडून ताटकळलेल्या मुलींचे केस जागचे हलले नाहीत. विद्युतभार दमट हवेत झिरपून जातो, हे त्या दिवशी जितकं पक्कं झालं तितकं पुस्तकाने कधीच केलं नसतं.

माझा जीव मात्र कोपऱ्यातल्या दांड्यावर. दांडा फिरवायचा, आत चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरायचं, समोर दोन दिवे. दोन्ही बंद असताना दांडा भिरभिर फिरे. पहिल्या वर्षी मी असाच ऐटीत फिरवत होतो आणि अचानक तो जड झाला, जणू पलीकडून कोणी धरलाय. “कोणी धरलं?” मी ओरडलो. बाईंनी मागून ६० वॅटच्या जुन्या बल्बचं बटण दाबलं होतं. खांदा भरून आला तरी तार जेमतेम लालसर. मग त्यांनी तो बंद करून एलईडी लावला. तो दोन बोटांच्या जोरावर झगमगला. जुन्या बल्बमध्ये माझी बहुतेक मेहनत नुसती उष्णता होऊन जात होती.

शेजारी तांब्याची उभी नळी होती. लोखंडी गोळी सोडली तर टणकन खाली. तेवढाच चुंबक सोडला की तो रमतगमत, भिंतींना न चिकटता उतरायचा. वरून डोळा लावून पाहिलं की तरंगतोय असंच वाटे. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग हे काय? उत्तर मला फार उशिरा, नववीच्या सहलीत लागलं. ही नळी आणि तो दांडा एकच गोष्ट सांगत होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तसं चुंबक हलला की तांब्यात, किंवा चुंबकाजवळ वेटोळं फिरलं आणि दिवा जोडलेला असला की तारेत, प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह, लेन्झच्या नियमाप्रमाणे, त्या हलण्यालाच विरोध करतो. दालनभर आनंदाने सांगत सुटलो, पण बाकीचे डिंकाशिवाय कमान उभी करण्यात गुंतले होते. मधला दगड बसेपर्यंत ठोकळे कोसळायचेच, त्यामुळे तिथे भांडणंही भरपूर.

अजूनही माजी विद्यार्थी म्हणून मदतीला जातो. गेल्या खेपेला एक पोरगा दांडा जोरात फिरवत होता. मी मागे जाऊन हळूच बटण दाबलं. त्याने दोन्ही हात लावले, दात खाल्ले आणि नळीकडच्या मित्राकडे संशयाने बघत विचारलं, “ए, कोणी धरलं रे?”