जाड पट्टा चुकीच्या बाजूला येत होता

वाहतुकीचा प्रवाह नकाशा म्हणजे रस्त्याची रेघ त्यावरच्या वाहनांच्या प्रमाणात जाड करायची. ब्रिटिश लष्करी अभियंते हेन्री हार्नेस यांनी १८३७ मध्ये आयर्लंडसाठी आणि फ्रेंच अभियंते शार्ल मिनार यांनी १८४५ मध्ये फ्रान्समधल्या दिजों-म्यूलूझ भागातल्या प्रवाशांसाठी हे हाताने काढलं होतं. मला एका गावाचा असा नकाशा काढायचा होता, जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहनांचे पट्टे रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळे दाखवून. माझ्याकडे तर संगणक होता. तरी तीन आठवडे गेले, आणि त्यातले दोन एकाच ठिकाणी.

पहिला, २४ तासांचा नकाशा दोन दिवसांत झाला आणि छान दिसला. मग सकाळच्या गर्दीच्या तासाचा काढला, तर चौकाच्या अलीकडे जाड पट्टा गावात शिरणारा आणि पलीकडे तोच जाड पट्टा बाहेर पडणारा! मी जाडीचं सूत्र तपासलं, रंग बदलले, सगळं पुसून पुन्हा काढलं. काही उपयोग नाही.

दोष आकडेवारीत होता. ज्या कार्यालयाने मोजणी दिली, त्यांच्या तक्त्यात 'दिशा १' आणि 'दिशा २' असे दोनच रकाने. कुठून कुठे, याचा उल्लेख नाही. तीनदा पत्र लिहिलं. उत्तर एकच, 'नकाशातल्या रेषेप्रमाणे'. पण नकाशातल्या रेषा कुणी इकडून तर कुणी तिकडून ओढलेल्या! सॉफ्टवेअर पट्टा बाजूला सरकवतं ते रेषेच्या दिशेवरूनच, त्यामुळे रेषा उलटी म्हणजे पट्टाही उलटा. दिवसभरात जाणारे आणि येणारे जवळपास सारखेच असतात, म्हणून २४ तासांच्या नकाशात ही चूक लपून राहिली होती. मोजणीसाठी माणसं दिवसभर रस्त्यावर उभी केली आणि दोन शब्द लिहायचे राहिले, याचा मला अजून राग येतो.

शेवटी चौकांनीच सोडवलं. चौकात गाड्या साठत नाहीत. तासाभरात जितक्या आत येतात, साधारण तितक्याच बाहेर पडतात. प्रत्येक चौकाची बेरीज मांडली. जिथे जुळेना, तिथल्या एकेका रस्त्याचे दोन आकडे अदलाबदल करून पाहिले. रात्री उशिरा शेवटचा चौक जुळला आणि सगळे जाड पट्टे एका ओघात गावाकडे वळले. तेव्हा जो आनंद झाला, तो सांगता येत नाही.

तेव्हा मोजणी हातात घेतानाच 'पासून' आणि 'पर्यंत' हे रकाने मागा. ते मिळेपर्यंत काम सुरू करू नका. प्रत्येक रेषेवर बाण दाखवून बघा. पट्टा जाडीच्या निम्म्याने सरकवा, म्हणजे दोन्ही दिशांचे पट्टे मधल्या रेषेला चिकटून बसतात. जाडी सरळ प्रमाणात ठेवा: मी १ मिलिमीटरला ५,००० वाहनं धरली, म्हणजे २०,००० ला ४ मिलिमीटर. आकड्याचं वर्गमूळ घेणं वर्तुळांसाठी ठीक, कारण तिथे क्षेत्रफळ बघितलं जातं; पट्ट्यांसाठी नाही. आकड्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच जाडी दिलीत तर थोडासा फरकही दुप्पट दिसू शकतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: काही तक्ते वाहनांचे असतात, काही कार-एककांचे, ज्यात एक ट्रक अनेक गाड्यांइतका धरतात. दोन्ही एका नकाशात घालू नका. आणि बारीक पट्टे जाड पट्ट्यांच्या वर काढा, नाहीतर ते दिसतच नाहीत.