पंप फिरवा म्हणजे काय करा?

यंत्रांच्या माहितीपुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणते. लोकांना वाटतं, आमचं अडत असेल ते अवघड शब्दांवर. इम्पेलर, ग्लँड, फूट व्हॉल्व्ह यांवर कधीच अडत नाही. प्लंबर म्हणतो तेच लिहायचं, संपलं. घात करतं ते 'रोटेट'सारखं शाळेतलं क्रियापद.

दादरच्या एका सोसायटीत पंपांशेजारच्या भिंतीवर आमच्या मराठीतलं सूचनापत्रक लावलेलं आहे. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवतात. पंप दोन, एक चालता आणि एक राखीव. त्या दिवशी चालत्या पंपाची मोटर जळली. राखीव सुरू केला, तर मोटर मस्त फिरते, पण वर थेंब जात नाही. पंप पाहणाऱ्या मामांवर कमिटीतले दोघं तावातावाने ओरडत होते. मामा शांतपणे भिंतीकडे बोट दाखवत होते. "मॅडम, लिहिलंय तस्संच केलं. दर सोमवारी फिरवला."

चौथी ओळ माझी होती : 'दर आठवड्याला पंप फिरवा.' मूळ इंग्रजी, 'रोटेट द पंप्स वीकली.'

मामा दर सोमवारी मेन स्विच बंद करायचे, कपलिंगवरचा, म्हणजे मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्यावरचा, गार्ड काढायचे, राखीव पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, हाताने दोन-तीन फेरे फिरवायचे आणि गार्ड परत बसवायचे. हे चुकीचं नाहीच, म्हणून तर कोणाला शंका आली नाही. बंद पंप एकाच जागी उभा राहिला की सगळं वजन बेअरिंगच्या त्याच गोळ्यांवर येतं आणि पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती घातलेली ग्लँडची दोरी त्याला चिकटते. हाताने फिरवून शाफ्ट वेगळ्या जागी थांबवणं ही चांगली सवय आहे. पंपाच्या मिस्त्रीनेही मामांना ते करताना पाहिलं होतं आणि शाबासकी दिली होती.

वाक्याला म्हणायचं होतं ते मात्र असं : या आठवड्यात एक नंबर चालवा, पुढच्या आठवड्यात दोन नंबर. दोन नंबर कित्येक महिने चाललाच नव्हता. दरम्यान सक्शन पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या फूट व्हॉल्व्हच्या झडपेत कचरा अडकला, झडप नीट बसेना आणि सक्शन पाइपातलं पाणी गळून टाकीत उतरलं. सेंट्रिफ्युगल पंपाला हवा ओढता येत नाही, त्याच्या पोटात आधी पाणी लागतं. मिस्त्री प्रायमिंगच्या नरसाळ्यातून बादल्या ओतत होता. बुडबुडे थांबले की भरलं असं समजायचं, पण इथे भरतच नव्हतं. पंप आलटून पालटून चालवले असते, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, तेही दुसरा पंप धडधाकट असताना.

घरी येताना ध्यानात आलं की मी इंग्रजीतला एक 'एस' गिळला होता. एक वस्तू 'रोटेट' झाली तर ती स्वतःभोवती फिरते. चार वस्तू 'रोटेट' केल्या तर बहुधा त्या आपसांत जागा किंवा पाळी बदलतात. गाडीचे टायर 'रोटेट' करतात तेव्हा कोणी ते गरगरा फिरवत नाही, पुढचे मागे नि मागचे पुढे लावतो. आणि मराठीत एक पंप, दोन पंप : अनेकवचनाला रूपच बदलत नाही. खूण जिथे होती तिथेच पुसली गेली.

खरं तर मराठीकडे शब्दांची वानवा नाही. शेतकरी पिकं फिरवत नाही, फेरपालट करतो. कालव्याचं पाणी आवर्तनाने सुटतं. कारखान्यात फिरती पाळी असते. किराणावाला जुना माल पुढे ओढून नवा मागे लावतो आणि त्याला काहीच म्हणत नाही. इंग्रजी या सगळ्यांना एका चाकाला जुंपतं. 'रोटेट'च्या मुळाशी लॅटिन 'रोटा' म्हणजे चाकच आहे, आपल्या रथाचं भावंड.

आमच्या तपासनिसांनी एकदा 'शाफ्टचे परिवलन' करायला सांगितलं होतं, कारण भूगोलात स्वतःभोवती ते परिवलन आणि दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण. इंग्रजी शाळेतही 'रोटेट' आणि 'रिव्हॉल्व्ह' असेच वेगळे शिकवतात. मग मोटरच्या पाटीवर १४४० आरपीएम कसं? त्यातला 'आर' रिव्होल्यूशनचा, आणि शाफ्ट फिरतो स्वतःभोवतीच. मराठीत 'मिनिटाला १४४० फेरे' लिहा, भांडण मिटतं.

संध्याकाळी नवी मोटर जोडली, तर पाणी चढलं पण रडतखडत. मोटर उलटी फिरत होती. उलटा पंपही थोडं पाणी देतो, म्हणून लोक पाइपलाइनला दोष देतात. थ्री-फेजच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा सुधारते. पण आमच्या पत्रकात दिशा 'ड्राइव्ह एंडकडून पाहता' अशी होती. पंपवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मोटरच्या बाजूने पंपाकडे पाहणं, आणि मोटरवाल्यांच्या भाषेत मोटरच्या शाफ्टसमोर उभं राहून मोटरकडे पाहणं. जिथून पाहाल तिथे काटा उलटा. मिस्त्रीने पत्रक वाचलंच नाही, पंपाच्या अंगावरचा बाण पाहिला. शहाणा माणूस.

चौथी ओळ आता अशी केली आहे : 'एक आठवडा १ नंबर, पुढचा आठवडा २ नंबर, असे पंप आलटून पालटून चालवा. बंद पंपाचा शाफ्ट दर सोमवारी, मेन स्विच बंद करून, हाताने दोन फेरे फिरवा.' मामांना फोनवर वाचून दाखवली. "आता कळलं," म्हणाले.

काल तपासनिसांकडून फाइल परत आली. 'आलटून पालटून'भोवती लाल गोल आणि शेजारी शेरा : बोलीभाषा वाटते, 'चक्रानुक्रमे' करावे. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.