एका हाताने उघडणारा स्टँड

भांडुपच्या घरामागच्या पडवीत वेल्डिंगचे मशीन, कटर आणि जाड पत्र्याचे टेबल मांडून मी फॅब्रिकेशनची कामे करतो. बहुतेक खिडक्यांच्या जाळ्या आणि शिड्या. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी मात्र वेगळे काम सांगितले. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसणे जमत नव्हते आणि बाजारात रात्री काही ठेवून येण्याची सोय नव्हती, म्हणून पाटीसाठी २४ इंच उंचीचा, घडी करून रोज घरी नेता येईल असा स्टँड त्यांना हवा होता.

बर्फाचे आणि मासळीचे खारट पाणी दिवसभर ठिबकणार, तेव्हा साधे लोखंड बादच. ३१६ प्रतीचे स्टेनलेस खाऱ्या पाण्यात अधिक टिकते, पण ते महाग पडत होते. म्हणून ३०४ चा २५ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला, जो मीटरला साधारण १.१ किलो भरतो, आणि स्टँड रोज गोड्या पाण्याने धुवा, असे मावशींना बजावले. पाय ३४ इंचांचे; दोन-दोन पायांच्या दोन चौकटी, कात्रीसारख्या बरोबर मध्यावर बोल्टने जोडलेल्या. पाय जमिनीशी ४५ अंशांत उघडले की उंची २४ इंच होते.

माप पाहायला मावशी आल्या तेव्हा पाय नुसते वेल्डिंगचे टाके मारून उभे होते. वजनाखाली ते फाकू नयेत म्हणून वरच्या दोन दांड्यांमध्ये आकड्याची पट्टी कशी बसेल, ते मी धरून दाखवले. त्यांनी काही न बोलता नटबोल्टांनी भरलेले माझे घमेले डोक्यावर घेतले, डाव्या हाताने सावरले आणि उजव्या हाताने स्टँड उघडून पाहिला.

"दादा, पाटी डोक्यावर, स्टँड या हातात. मग आकडा कुठल्या हाताने लावू?"

पट्टीऐवजी दोन स्टेनलेसच्या साखळ्या कायमच्या जोडायच्या, हे तिथेच ठरले. पण स्टँड एका हाताने उघडायचा तर मधला बोल्ट अगदी मोकळा फिरला पाहिजे, आणि खरी कसोटी तीच होती. स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट फुगते आणि उष्णता लवकर पसरू देत नाही, त्यामुळे पातळ पाइप वेल्डिंगच्या बाजूला ओढला जातो, आणि चार पायांची भोके एका रेषेतून जराशी जरी हलली तरी घडी अडकते. म्हणून बोल्ट आवळताना पाइप चेपू नये यासाठी प्रत्येक भोकात बुश, म्हणजे छोटी नळी, बसवला, चारही बुशांतून १० मिलिमीटरचा एकच सरळसोट रॉड आरपार घातला, ३०८ एलच्या (३०४ साठीच्या वेल्डिंगच्या) बारीक काडीने समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून थोडे थोडे भरले आणि सगळे हाताला गार लागेपर्यंत रॉड काढला नाही. नंतर पायांमध्ये नायलॉनचे वॉशर घातले. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना धरतात, म्हणून आट्यांना ग्रीस लावून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने आपोआप सैल न होणारा) घट्ट न करता टेकवला.

मावशींनी पुन्हा घमेले डोक्यावर घेतले. उजव्या हाताने एक दांडी उचलली आणि दुसऱ्या चौकटीच्या खालच्या दांडीला पायाने हलके ढकलले. बोल्ट मध्यावर असल्याने दोन्हीकडचे वजन सारखे होते. चौकट सहज फिरली, साखळ्या ताणल्या आणि स्टँड जमिनीवर टेकला. मला फार आनंद झाला. त्यावर ५० किलोची सिमेंटची गोणी ठेवून आम्ही दोघांनी सांधे निरखले. साखळीचे सांधे सर्वांत आधी, कारण ४५ अंशांत दोन्ही साखळ्यांवर मिळून वरच्या भाराइतकाच ताण येतो.

मग त्यांनी जावेसाठी दुसरा स्टँड सांगितला, दोन इंच बुटका. साखळी लांब केली की उंची कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पण पाय अधिक फाकले की तोच भार साखळीला जास्त ओढतो; जमिनीशी कोन ३० अंशांवर आला तर तो ताण भाराच्या पावणेदोनपटीच्या घरात जातो. म्हणून कोन तोच ठेवून पाय ३१ इंचांचे कापले आणि साखळीही त्या मानाने आखूड केली.