दोन अक्षरांपायी तीन आठवडे

लॅपटॉप २०१८ चा, आय५-८२५०यू प्रोसेसरवाला. ॲपलचा नाही, तरी हौस म्हणून त्यावर ॲपलचं मॅकओएस, बिग सर आवृत्ती, चढवलं. ओपनकोअर (परक्या मशीनवर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्राम), आवाज, वायफाय सगळं एका शनिवार-रविवारात उरकलं. सीएफजी लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-सेटिंगवरचं कुलूप, बायोसमधून (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) निघेना, तर ओपनकोअरमध्ये त्यासाठीचा पर्याय होताच. कॉलर ताठ.

सोमवारी रात्री लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मांडी भाजली. पुण्यातला एप्रिल, पण उघडी होती फक्त एक पीडीएफ! तापमान सत्तरीत, पंखा घोंगावतोय. विंडोजमध्ये हाच डबा पंचेचाळिशीत असायचा. इंटेल पॉवर गॅजेट हा प्रोसेसरचा वेग दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिला, तर वेगाची रेघ वरच चिकटलेली. काम असो-नसो, प्रोसेसर खाली उतरायलाच तयार नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मॅकओएस प्रोसेसरचा वेग आणि वीज 'एक्ससीपीएम'मार्फत सांभाळते. ते जागं व्हायला पहिल्या कोअरवर 'प्लगिन-टाइप = १' अशी खूण लागते, आणि ती खूण करते एसएसडीटी-प्लग नावाची चिमुकली फाईल. ती मी घातली होती. लोड झाल्याची नोंदही दिसत होती. मग?

इथून तीन आठवडे. एनव्हीरॅम (सेटिंग्ज जपणारी मेमरी) किती वेळा पुसली याची मोजदाद नाही. पूर्ण सिस्टिम दोनदा नव्याने टाकली. व्हर्च्युअलएसएमसी, म्हणजे मॅकमधल्या एसएमसी चिपचं सोंग घेणारा ड्रायव्हर, त्याच्या आवृत्त्या बदलल्या. तो सेन्सरचे आकडे दाखवतो, गार काही करत नाही, ही अक्कल नंतर आली. पंख्याच्या मागे लागलो. लॅपटॉपचा पंखा बोर्डावरचा कंट्रोलर आपल्या मर्जीने फिरवतो, तेव्हा त्यातही चार रात्री गेल्या. बायको म्हणाली, "अहो, विंडोज काय वाईट होतं?" उत्तर नव्हतं, म्हणून जास्तच चिडलो.

शेवटी, जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं: स्वतःच्या लॅपटॉपची एसीपीआय कोष्टकं (बायोस ज्यांतून सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देतो ती) काढून उघडली. कुणीतरी दिलेली आयती फाईल प्रोसेसरला 'एसबी' या पत्त्याखाली शोधत होती, माझा बसला होता 'पीआर'खाली. फाईलमध्ये अट अशी, की त्या पत्त्यावर प्रोसेसर असेल तरच खूण कर. नसेल तर गप्प. ना चूक, ना इशारा. पोस्टमन रिकाम्या घराची बेल वाजवून 'पोचवलं' लिहून निघून जातो, तशातली गत. पत्ता बदलला, फाईल पुन्हा कंपाइल केली, रीस्टार्ट. रेघ नाचायला लागली. रात्री दीड वाजता एकट्याने चहा करून प्यायलो.

तेव्हा आयती फाईल घेऊ नका. एसएसडीटीटाइम ही स्क्रिप्ट तुमच्याच कोष्टकांवरून बनवून देते. आणि पंखा, प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट, सेन्सर यांच्या नादी लागण्याआधी आयओरजिस्ट्रीएक्स्प्लोरर या हार्डवेअरची यादी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिल्या कोअरवर ती खूण दिसते का ते बघा. दोन मिनिटांचं काम.

पुढचं सोपं होतं. प्रोसेसर १.३ गिगाहर्ट्झच्या खाली जाईना, सीपीयूफ्रेंड या छोट्या ड्रायव्हरने ०.८ पर्यंत नेला. व्होल्टेजशिफ्ट या प्रोग्रामने प्रोसेसरचं व्होल्टेज ८० मिलिव्होल्ट उतरवलं. दहा-दहानेच उतरवा, आणि आठवडाभर नीट चालेपर्यंत ते सुरुवातीला आपोआप लागू होऊ देऊ नका. मी दिलं, मशीन सुरूच होईना, आणि पेनड्राइव्ह शोधत बसलो. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट (व्होल्टेज उतरवून प्रोसेसरची सुरक्षा भेदणारा हल्ला) उघड झाल्यावर आलेल्या बायोसांनी बऱ्याच लॅपटॉपांत हे दारच बंद केलं. माझा बायोस जुना, म्हणून जमलं. पेस्ट मात्र बदलाच, माझी खडूसारखी वाळली होती.

पुढच्या वर्षी मॅकओएसचं मोंटेरे १२.३ आलं आणि ॲपलने ती खुणेची अटच काढून टाकली. फाईल काढून पाहिली. रेघ तशीच नाचत होती.

फाईल मी परत घातली. तीन आठवडे गेलेत तिच्यावर.