टायर बदलले, आता ट्रकलाही सांगा

टायर मोठे घातले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो. बहुतेकांना हे माहीत असतं, तरी "तीन-चार टक्क्यांनी काय बिघडतंय" म्हणून सोडून देतात. मला ते सोडवत नाही. माझ्या फोर्ड एफ-१५० ला आधी २७५/६५ आर १८ टायर होते, आता २७५/७० आर १८ आहेत. रुंदी तीच, रिम तीच, फक्त टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेली. हिशोब मांडला तर व्यास ८१४.७ मिलिमीटरवरून ८४२.२ वर जातो, म्हणजे जवळपास ३.४ टक्के वाढ. काटा १०० वर असतो तेव्हा ट्रक १०३ च्या पुढे पळत असतो. किलोमीटरही कमी पडतात. मीटरवर १०,००० दिसतात तेव्हा रस्त्यावर साधारण १०,३३८ झालेले असतात. ऑइल कधी बदलायचं, मायलेज किती मिळतंय, सगळं त्याच चुकीच्या आकड्यावर.

चाक किती फिरलं एवढंच ट्रकला कळतं. एका फेरीत किती मिलिमीटर अंतर कापलं जातं, तो आकडा बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये म्हणजे बीसीएममध्ये लिहिलेला असतो. मॉड्यूल म्हणजे गाडीतला एकेका कामाचा छोटा संगणक. तो बदलायला मी फोरस्कॅन हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर वापरते. कॉन्फिगरेशन बदलायचं तर त्याचं एक्स्टेंडेड लायसन्स लागतं.

लॅपटॉप ट्रकला जोडणाऱ्या ॲडाप्टरच्या बाबतीत काटकसर करू नका. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये, ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर हाय-स्पीड कॅन असतं, सेकंदाला ५०० किलोबिटचं. कॅन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ते नेटवर्क. अनेक फोर्ड गाड्यांत आरामाच्या सोयींची मॉड्यूल मात्र ३ आणि ११ वरच्या १२५ किलोबिटच्या मीडियम-स्पीड कॅनवर असतात. साधा ॲडाप्टर पहिली जोडीच बघतो, त्यामुळे निम्मा ट्रक त्याला दिसतच नाही. दोन्हीकडे आपोआप जाणारा, यूएसबी केबलचा घ्या. ब्लूटूथवर नुसते फॉल्ट कोड वाचायला हरकत नाही, पण लिहिताना मध्येच कनेक्शन तुटलं तर मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा आणि बॅटरीला चार्जर लावा, कारण इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन असताना व्होल्टेज झपाट्याने उतरतं.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण नव्या टायरचा व्यास काढतात, त्याला ३.१४१६ ने गुणतात आणि आलेला २६४६ तसाच ट्रकमध्ये भरतात. मला हे पटत नाही. ट्रकच्या वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे एका फेरीत तो कागदावरच्या परिघापेक्षा कमी अंतर जातो. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर अगदी तंतोतंत सारखे नसतात. म्हणून जुने टायर काढण्याआधीच मी टायरच्या बाजूला खडूने रेघ मारली, ती बरोबर खाली आली तिथे जमिनीवर खूण केली आणि भावाला ट्रक अगदी हळू पुढे घ्यायला लावला. दादा गाडी चालवतोय, मी शेजारून वाकून फेऱ्या मोजत चालतेय. पाच फेऱ्या झाल्यावर दुसरी खूण केली आणि मधलं अंतर टेपने मोजून पाचने भागलं. एकाच फेरीवर थांबलं तर खडूची जाडीही हिशोबात येते, पाच फेऱ्यांत ती विरून जाते. नवे टायर बसल्यावर, हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून, हेच पुन्हा केलं. या दोन मापांचं गुणोत्तर काढायचं आणि बीसीएममधल्या आधीच्या आकड्याला त्यानेच गुणायचं. असं केलं की कंपनीने तो आकडा कुठल्या हिशोबाने ठेवला होता, याने काही फरक पडत नाही.

कच्च्या डेटाच्या ओळींत हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये असतो, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत. सोयीसाठी जुना आकडा २५०० धरू, तो ०९सी४ असा दिसेल. ३.४ टक्के वाढवला की २५८५, म्हणजे ०ए१९. ओळीच्या शेवटचे दोन अंक चेकसम असतात, म्हणजे ओळ बरोबर आहे का हे तपासायचा आकडा. मॉड्यूलचा पत्ता, ब्लॉकचा नंबर आणि डेटा यांच्या बेरजेचे ते शेवटचे दोन अंक, त्यामुळे डेटा बदलला की तेही बदलतात. कुणाच्या तरी ट्रकची अख्खी ओळ उचलून आपल्यात चिकटवू नये ती यासाठीच. त्याच ओळीत त्याच्या ट्रकच्या इतर गोष्टीही असतात, आणि चेकसम जुळतो म्हणून ट्रक त्या निमूटपणे स्वीकारतो. कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक मॉड्यूलचा मूळ डेटा फाइलमध्ये सेव्ह करा, आणि ती फाइल लॅपटॉपशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा.

बाकीचे बदल किरकोळ. लेन बदलताना इंडिकेटर किती वेळा लुकलुकावा, हे मी वाढवून घेतलं. हाय बीमबरोबर फॉग लॅम्प चालू ठेवणं कच्च्या रस्त्यावर कामाला येतं, पण काही ठिकाणी नियमात बसत नाही, तेवढं बघून घ्या. इंजिन चालू ठेवून किल्ली घेऊन उतरलं की दोनदा वाजणारा हॉर्न बरेच जण पहिल्यांदा बंद करतात. मी तो ठेवलाय. बटणाने चालू होणारी गाडी बंद गॅरेजमध्ये चालूच राहिली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, त्यापेक्षा शेजाऱ्यांची थोडी कुरकुर परवडली. सीटबेल्टच्या घंटीला आणि एअरबॅगच्या मॉड्यूलला मी हात लावत नाही, कुणी सांगितलं तरी लावून देणार नाही.

नवा आकडा लिहिल्यावर सरळ, रिकाम्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावा आणि शेजारी बसलेल्याला फोनवरचा जीपीएस वेग वाचायला सांगा. चढ-उतार नको, वळण नको, आणि वेग स्थिर झाल्यावर थोडं थांबून मगच आकडा घ्या, कारण जीपीएस जरा मागून येतं. टायर बदलण्याआधी काटा आणि जीपीएस यांत जेवढा फरक होता, तेवढाच आता दिसला की लॅपटॉप बंद करायला हरकत नाही.